जांभळं कडं

सोहारला समुद्राचं पाणी गोडं करतात,
त्या कारखान्याच्या मागच्या अंगाला, पंपांच्या घरघरीत
माझी खोली. एक इन्क्युबेटर, एक ऑटोक्लेव्ह,
आणि फ्रीजमध्ये, लेबल लावलेल्या कुपीत,
एक पांढरा जीव.

क्रोमोबॅक्टेरियम. मूळचा हा जांभळा,
उष्ण मुलखातल्या चिखलातला, ओढ्यातला,
जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसल्या रंगाचा.
पण रंग त्याला एकट्यानं येत नाही.
एकमेकांना सोडलेले निरोप साठत साठत
आपण पुरेसे आहोत असं कळलं,
की मग सगळे एकदम रंगतात.

माझ्याकडचा मुका आहे. बोलायचं जनुक
कुणीतरी कधीच मोडून ठेवलंय.
ऐकू मात्र येतं.
म्हणून तर तो कामाचा.

खल्फान गाळणीच्या पडद्याचा तुकडा कापून आणतो,
नाक मुरडून टेबलावर ठेवतो.
त्यावरची बुळबुळ मी खरवडते, वाढवते,
बशीत तिची एक रेघ, शेजारी मुक्याची एक.
तीस अंश. रात्रभर.

सकाळी पांढरं, तर सगळं ठीक.
जांभळं आलं, तर पडद्यावरचे बोलू लागलेत,
थरावर थर चढवतायत,
महिन्याभरात पाणी तुंबणार.
बलूशीसाहेब म्हणतात, बाई, तुमचा हा रंग
मला दर खेपेला लाखाला पडतो.

अकरा महिने झाले.
कामावर इंग्रजी, टॅक्सीत मोडकंतोडकं हिंदी,
खोलीत जोसलिन फोनवर मुलाला निजवते
ते तगालोग, आता थोडं कळतंसुद्धा.
आईचा फोन येतो, पण तो
दोन मिनिटं जेवलीस का, आणि मग नुसती खरखर.

गेल्या गुरुवारी बाजारात, बर्फाच्या पाटापाशी,
पाठीमागून एक बाप्या:
"कनद कनद काय करतोय हा?
अगं, सुरमईच की ही आपली!"

मी वळले नाही.
कान मात्र तापले, पार पाळीपर्यंत.
घरी येऊन आरशात
उगाच जीभ काढून पाहिली.

आज बशी उघडली. मुक्याची रेघ
शेजाऱ्याच्या बाजूनं तेवढी जांभळी,
पलीकडून कोरी.
फोटो काढला. वहीत लिहिलं: होय.
मग एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं,
ऐकणारे, बोलणारे, सगळेच.

उद्या गुरुवार.
बर्फाच्या पाटापाशी जाऊन उभी राहीन म्हणते.
मासे मी खात नाही.