खालचा मजला घे, कस्तुरक्का

मल्लिकार्जुननं तिकिटं काढली म्हणे बोटीची.
बस की जरा, चहा उकळतोय.
मी जाऊन आले तेवढं सांगते, बाकी तुझं तू बघ.

पहिलं म्हणजे गोळ्या.
बीपीच्या, शुगरच्या, सगळ्या हातातल्या पिशवीत.
मोठी बॅग धक्क्यावरच काढून घेतात,
ती खोलीत येते रात्री जेवणं झाल्यावर.
मी दुपारभर रेल्वेतल्या चुरगळलेल्या लुगड्यात
झुंबराखाली उभी.
झुंबर बघ मात्र. आमच्या शेडएवढं.

कुंदा नेऊ नकोस.
मी नेला होता अर्धा किलो.
घरचं खाणं वर चालत नाही, म्हणाला तपासणीवाला,
मग डब्यावरचं नाव वाचून हळूच, 'बेळगावि?'
गोकाकचं पोरगं!
म्हटलं, तगो, तिन्नप्पा.
तिथंच टेबलामागं वाकून खाल्लं त्यानं, बोटं चाटून.
शेंगाचटणीची पुडी तेवढी सुटली माझी.
तुझी सुटेल की नाही, बसवण्णा जाणे.

फॉर्मात राज्य विचारतात.
ह्यांचा पेन तिथं अडला. जुनी सवय.
म्हटलं, लिहा की काहीतरी,
मागं रांग खोळंबलीय.

भोंगा वाजला की सगळ्यांना गोळा करतात,
नारिंगी जॅकेट बांधायला शिकवतात.
लोक हसतात, फोटो काढतात.
तू हसू नकोस. पदर आधी कमरेला खोच
आणि जिना कुठं आहे तो दोनदा चढून-उतरून ये.

जेवायला पहिली फेरी रिकाम्या हातानं मार.
नुसतं बघ. भूक आपोआप शहाणी होते.
भाकरी नाही तिथं.

पोटात ढवळलं तर आल्याचा तुकडा,
आणि नजर लांब, पाणी संपतं त्या रेघेवर.
जवळच्या लाटा मोजू नकोस,
मी मोजल्या, आणि बादली शोधली.

मोबाईल विमानातल्यासारखा करून ठेव.
निपाणीचे एक वखारवाले होते,
नातवाला फोनवर समुद्र दाखवला अर्धा तास.
बिल आल्यावर दोन दिवस बायकोशीपण बोलले नाहीत.

आणि कोचीत उतरलात तर साडेचार म्हणजे साडेचार.
ती वडगावची बस न्हवे हात केला की थांबायला.
एक जोडपं धक्क्यावरनं पळताना बघितलं मी,
तिच्या हातात चप्पल, त्याच्या हातात मसाल्याची पिशवी.
पोचले. पण तसं पोचू नये माणसानं.

आता खोलीचं.
सगळे सांगतील, वरची घे, गॅलरीची घे.
तू खालचा मजला घे, मधली खोली.
हलत कमी, पैसे कमी.
शिवाय

तुला म्हाईत आहे, चार माग भंगारात घातले आम्ही.
वजनावर गेले. त्याच पैशात बोट बघितली.
त्या दिवसापासनं हे झोपेनात.
चाळीस वर्षं खटखट, खटखट,
आणि मग एकदम भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.
रात्री उठून अंगणात उभे राहायचे.

बोटीत पहिल्या रात्री मी जागी झाले तर अंथरूण रिकामं.
हे खाली फरशीवर, भिंतीला पाठ लावून,
आणि भिंत थरथरत होती बारीक.
इंजिन कुठंतरी खाली चाललेलं.
मी हाक मारणार होते.
तोंड उघडं टाकून घोरत होते, अक्का,
लहान पोरागत.
पाच रात्री तिथंच झोपले.
मी पलंगावर एकटी, मऊ गादीवर, मजेत.

घरी आल्यावर पुन्हा तेच.
म्हणून खाट हलवलीय आता मधल्या भिंतीला.
तुमचे दोन माग चालतात न्हवं अजून पलीकडं.

तुम्ही दोघं आठ दिवस नसणार.
मल्लिकार्जुनला तेवढं सांगून जाशील?
दोन्ही नकोत, एक चालला तरी पुरे,
रात्री बारापर्यंत.
विजेचं जे होईल ते मी देते.

चहा घे, साय धरली बघ.