वाळूतला ळ

मुद्रिकानं पोतं आणलं गंजगोलाईतून,
खाजामियांच्या भंगारातून, किलोवर:
मेलेले कीबोर्ड, रिमोट, टीव्हीच्या पाठी,
बंद पडलेल्या एका सेतू केंद्राचा अख्खा संसार.
तांबं आधीच काढलेलं.
"क्या कर्ते बेटा इसका?" त्यांनी विचारलं म्हणे.

दळलं आम्ही.
आम्ही म्हणजे ती, आणि मी, लॅब अटेंडंट उजळंबे,
तेवीस वर्षं या कॉलेजात क्यूब फोडणारा.
खडीतली दहा टक्के खडी काढली,
तिच्या जागी हा काळा-करडा चुरा,
पुढच्या साच्यांत वीस टक्के.
साच्यांना तेल. प्रत्येक थराला पस्तीस ठोके.

मग अठ्ठावीस दिवस पाण्यात.
त्या उन्हाळ्यात लातूरला दहा दिवसांनी नळ यायचा.
घरी एका बादलीत दोघांची आंघोळ,
आणि इथं बारा क्यूब बुडून बसलेले, साहेबासारखे.
मी टाकीवर पत्रा टाकून ठेवायचो,
बघवत नव्हतं.
टँकरवाला विचारायचा, "मामा, काय पाळलंय आत?"

दहा टक्केवाले सहाशे चाळीसपर्यंत गेले.
मुद्रिकानं आकडा वहीत दोनदा लिहिला.
वीसवाला चारशे नव्वदलाच बसला.
बसला, पण नेहमीसारखा धाडकन उडाला नाही;
कण्हला नुसता,
तुकडे एकमेकांना धरून राहिले.
"नापास," ती म्हणाली.

मी हातोडीनं चीर फाकवली.
आत सिमेंटात एक बटण,
दळणातून सुटलेलं,
वर पिवळट स्टिकर, कुणीतरी नखानं दाबून बसवलेला:
ळ.

कितीदा बडवलं असेल त्याला
रहिवासी, उत्पन्न, सातबारा काढताना.
माझं आडनाव तरी त्याच्याशिवाय कुठं उमटतं?

"मामा, ह्या अक्षरानं एक शब्द सुरू होत नाही," ती म्हणाली.
नसेल होत.
पण वाळूतनं काढून बघ.
सळईतनं काढ. चाळणीतनं.

अहवालात तिनं लिहिलं: दहा टक्के योग्य, वीस अयोग्य.
बरोबरच लिहिलं. स्लॅबला कोण लावील असला?

तो अर्धा क्यूब मी घरी नेला,
आमचं पाण्याचं बॅरल डुगडुगायचं, त्याखाली सारला,
ळ बाहेरच्या अंगाला.
दहाव्या दिवशी नळ येतो,
दोनशे लिटर त्याच्यावर बसतात.
बायको म्हणते, आता हलत नाही.