आवृत्ती ४.०.१

टॉर्सहावनला रात्री अकरालाही उजेड रेंगाळतोय,
सुन्वा बदलांची यादी लिहिते आहे:
टॅग पानावरून उतरला की
आता आपले कान मागे विसरत नाही.
आणि शेवटी, घाईत:
जुनं एक फंक्शन काढलं.
सहा वर्षांत त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

पहाटे स्वीनॉय बेटावरून फोन.
फेरीबोटीचं वेळापत्रक कोरं,
धक्क्यावर हानुस,
त्याच्याबरोबर नऊ मेंढ्या,
सगळेच पडद्याकडे बघतायत.

तिनं सात ओळी होत्या तिथे परत ठेवल्या,
वर टीप डकवली:
काढू नये. हानुस.

बोट तर
धुक्यातून, पडद्याला न विचारता,
केव्हाच लागली होती.
मेंढ्यांना आधी कळलं.