अळणी

उणे चौदा. गाडीच्या नाकातली वायर
रात्रभर भिंतीला लावून ठेवली होती,
म्हणून ती निदान खोकली तरी.
चर्चच्या तळघरात व्हर्नाने पिशव्या दिल्या, यादी दिली,
आणि दर गुरुवारी सांगते तेच सांगितलं:
डबा दाराशी ठेवून निघायचं नाही.
माणूस दिसला पाहिजे.
उभा, बसलेला, कसाही.

थंडर बेच्या धक्क्यावर मी एकतीस वर्षं काढली,
धान्याच्या कोठारात, जहाजांच्या पोटात गहू ओतत.
तो गहू कुणी खाल्ला, कधी दिसलं नाही.
आता माझ्याकडे अकरा दारं आहेत.

ओसिप साखळी काढत नाही.
फटीतून एक हात येतो, त्यावर गोंदलेला निळा नांगर.
मी हातालाच विचारतो, बरं आहे ना?
हात डबा घेतो, दोन बोटं हलवतो, आत जातो.
नियमाप्रमाणे एवढ्याला माणूस धरायचं का,
यावर व्हर्नाचं नि माझं अजून ठरलेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरची इर्मगार्ड
अर्धं जेवण कुत्र्याला घालते
आणि तब्येत विचारली की कुत्र्याची सांगते.

सातवं दार लेम्पी राउतियोचं.
वय अठ्ठ्याऐंशी. डब्यावर लाल शाईत: मीठ नको.
फेकून द्यायचे डबे ती धुऊन, पुसून,
एकात एक बसवून परत द्यायची.
कसं होतं, मी विचारायचो,
बूट न काढता, उंबऱ्याच्या अलीकडून.
छान, ती म्हणायची. बटाटा छान होता.
वाटाणे छान होते.
एकदा बराच विचार करून, गरम होतं.
फिनलंडकडची माणसं मोजकं बोलतात, असं इथे म्हणतात.
मला घाई असायची. मला ते सोयीचं होतं.

आज बेल वाजवली. पुन्हा वाजवली.
शेजारचा मुलगा कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला,
म्हणाला, रविवारी. झोपेतच.
स्वयंपाकघराला कुणी कळवलं नसावं.
स्वयंपाकघराने बटाटा शिजवला होता.

कोपऱ्यावर गाडी थांबवली.
समोरून नगरपालिकेचा ट्रक गेला,
मागून मीठ उधळत, टनावारी.
बुटांवर मीठ, पायपुसण्यावर मीठ,
माझ्या गाडीचं दार खालून मिठानेच खाल्लेलं.
मांडीवर तिचा डबा उघडला.
टर्कीचे दोन काप, बटाट्याचा लगदा, गाजर.

वाईट नव्हतं. काहीच नव्हतं.
ऊब गिळल्यासारखं वाटलं,
मग ऊबही संपली.
सहा वर्षं. तीनशेच्या वर गुरुवार.
खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
जिच्या घासात मीठच नव्हतं
ती एवढी कशाला जागत होती?

सगळं खाल्लं. गाजरसुद्धा.
डबा बर्फाने घासला, बाहीने पुसला,
मागच्या सीटवर ठेवला.
एकात बसवायला दुसरा नव्हता.

आठवं दार गार्नेट टलकचं.
नाकात नळी, टीव्हीवर हॉकी, आवाज बंद.
कसं होतं गेल्या वेळचं, मी विचारलं.
भिकार, तो म्हणाला.
मांस म्हणजे बुटाचा तळ. कांदा कच्चा.
आणि तो पिवळा रस्सा, तो कोणत्या प्राण्याचा असतो
हे एकदा त्या बाईला विचारून ये.

यादीच्या मागे मी सगळं लिहून घेतलं.
अजून बोल, म्हटलं.
तो नळी नीट करत माझ्याकडे बघत राहिला.
दार उघडं होतं, थंडी आत येत होती.
मी वाकलो, नाड्या सोडल्या,
बूट बाहेर काढून ठेवले.