किलोमीटरमागे दहा रुपये

वहीचं पहिलं पान खैरनारांचं.
किलोमीटरमागे दहा, पन्नास किलोमीटर, पाचशे.
सही करता करता थांबले, चष्म्यावरून पाहिलं :
"आणि चाळिसाव्यालाच बसलात तर?"
"तर चारशे."
ते हसले. मी नाही हसले.
चाळिसावा कसा असतो मला कुठं माहीत होतं!
पॅकिंग खात्यात अठरा वर्षं उभी राहिलेली बाई मी,
पळण्याशी माझा संबंध बस सुटण्यापुरता.

मखमलाबादच्या पुढं पहाटे अंधाराला धुराचा वास असतो.
थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून
बागांच्या कडेला शेकोट्या धुमसतात,
कुणी ओला पाला घालतं, कुणी गुपचूप टायर.
नाकाला ओढणी बांधून मी पळते.
एक कुत्रं रोज ओढ्यापर्यंत सोबत येतं,
तिथं त्याची हद्द संपते.
मग बसून राहतं,
माझी कुठं संपते ते बघत.

मागं हेमराज, मोपेडवर.
हँडलला पिशवी : केळी, मीठ-साखरेचं पाणी, चिवडा.
"ताई, उरक. मला थंडी वाजतेय."
एका किडनीवर जगणारा माझा भाऊ
गाडी न पाडता
माणसापेक्षा हळू चालवायला शिकलाय.

तसं पळायला मी या रस्त्यावर शिकलेच नाही.
चौथा मजला ते फाटकाबाहेरचं मेडिकल,
लिफ्ट बंद, मुठीत चिठ्ठी, "लगेच आणा".
अंगठा तुटला तेव्हा दोन्ही चपला जिन्यातच सोडल्या.
अशा एकोणीस रात्री.
उरलेली रात्र व्हरांड्यात, वर्तमानपत्रावर.
शेजारी सुरगाण्याची यमुना गावित.
पहाटे नळाच्या गार पाण्यानं अंघोळ करायची
आणि ओल्या केसांनी लेकराकडे जायची,
दात वाजत असताना म्हणायची, "नाय वाजत थंडी."
मी तिला शाल दिली नाही.
माझ्याकडे एकच होती.

वहीच्या शेवटच्या पानावर म्हणून लिहिलंय :
फाटकासमोर एक खोली, भाड्यानं.
बारा गाद्या.
गिझर.

गेल्या रविवारी अडीचलाच निघालो.
गिरणारे मागं पडलं, ऊन वर आलं,
आणि अडतिसाव्याला पोटरीत असा गोळा आला
की मी रस्त्याच्या दगडावर बसले
आणि बसल्यावर कळलं, आता उठणं माझ्या हातात नाही.
हेमराजनं गाडी स्टँडला लावली.
काही बोलला नाही. केळं सोललं,
आणि स्वतःच खाल्लं.

बागेच्या कामाला निघालेल्या बायकांची पिकअप
वेग कमी करत जवळून गेली.
एकीनं वाकून विचारलं,
"कोण मागं लागलंय गं बाई?"
"कुणी नाही."
"मग पुढं काय ठेवलंय?"
"गिझर!" मी ओरडले.
अख्खी पिकअप हसली,
वळणाआड गेली तरी हसू ऐकू येत होतं.

मी उठले. पळाले नाही हं,
म्हशीसारखी चालले,
एक पाय माझा, एक कुणाचा तरी.
पुढच्या झाडाखाली पुन्हा बसले.
हेमराजनं काटा पाहिला : "अडतीस पॉइंट चार."
वही काढली, कानामागचं पेन काढलं.
"ताई, वरच्या चारशे मीटरचे चार रुपये
खैरनार देतील का गं?"