शेवटचा भाग

नेरिमातल्या स्टुडिओत पहाटे चार.
मोरिवाकीबाई अजून काढतायत
धावत्या मुलीचा डावा पाय.
एका धापेला बारा चित्रं.

सात वर्षं ती मागे मागे चाललीय,
भाऊ बुडाला त्या दुपारकडे.
आज पोचली. हात धरला.
भाऊ काठावर, खोकतोय.

म्हणजे तो बुडालाच नाही,
म्हणजे यंत्र बांधायचं कारणच नाही,
म्हणजे ती निघालीच नाही कधी.
मग हात कुणी धरला?

दिग्दर्शक म्हणाले, शेवटी नुसतं पांढरं आभाळ ठेवू,
दोन पाखरं.
लोक रडतील.

लोक चिडले.

त्या रात्री मोरिवाकीबाईंनी
काचेखालचा दिवा मालवला,
मधल्या बोटावरचा घट्टा चाचपला:
न घडलेल्या सात वर्षांचा,
टणक,
कडेला शिशाने काळा.