पितळी हातोडा

निवृत्तीच्या दिवशी यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं,
एक घड्याळ मिळालं, ते पुढच्या उन्हाळ्यात बंद पडलं,
आणि स्टोअरच्या गजभियेंनी रजिस्टरात ‘झिजला’ असं लिहून
हळूच पिशवीत सरकवलेला हा हातोडा.
पितळेचा. सव्वा किलोचा. तोंडाशी बसका,
रोज एकाच कुशीवर झोपणाऱ्याच्या उशीसारखा.

मला पितळ कळतं, असं मी धरून चालले होते.
बाबा इतवारीत, भंडारा रोडला,
भांड्यांच्या दुकानात तराजूवर होते चाळीस वर्षं.
गुंड कानाशी धरून बोटाने टिचकी मारायचे
आणि आवाज विरेपर्यंत गिऱ्हाइकाशी बोलायचे नाहीत.
तांबं किती, जस्त किती,
कुठली चीर डाग देऊन बुजवलीय,
सगळं तेवढ्या शांततेत.
लग्नात मला दिलं ते असं ऐकून दिलेलं:
दोन गुंड, एक गंज, परात, वातीचा स्टोव्ह.
म्हणाले, दही-ताक ठेवू नको, कळकेल.
कल्हई उडालेल्या गंजात आंबट वरण ठेवलंस
तर नाव पितळेला ठेवू नको.

दारूच्या कारखान्यात आहे म्हटल्यावर
आत्याने नाक मुरडलं होतं.
सुरुंगाची हो आत्या, प्यायची नाही.
गोळीबार चौकातून पहाटे पाचला बस,
अमरावती रोडने.
खिशात काडेपेटी नाही, बुटाला खिळा नाही,
फाटकावर रोज अंगझडती.
लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या रात्री म्हणाले,
“लोखंडावर लोखंड आपटलं तं ठिणगी पडते.
पितळेची नाही पडत.
आमच्याकडे सारं पितळेचंच राह्यते,
हातोडा, छिन्नी, पाना, फावडंबी.”
एवढंच. मग पाठ फिरवून झोपले.
मी जागी. कोपऱ्यात परात चमकत होती
आणि पहिल्यांदाच मला तिची ओळख पटेना.

एकतीस वर्षांत यांनी घरात आवाज चढवला नाही.
दारसुद्धा लावायचे ते हाताने धरून, टेकवून.
बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस.
मला कधी कधी वाटायचं, एकदा तरी आपटा काहीतरी.

एका मेच्या दुपारी, कूलरच्या घरघरीत,
मांडणीवरचे गुंड वाजले.
दोन्ही एकदम, कोणी टिचकी न मारता.
ट्रक गेला असेल, म्हटलं. असेलही.
पण मी हातातलं भिजलेलं फडकं तसंच धरून
आवाज विरेपर्यंत उभी राहिले.
हे रात्री नऊला आले. तांब्याने पाणी घेत
कोपरापर्यंत हात धूत बसले, किती वेळ.
म्हणाले, “तो शेड माझा नव्हता.”
नंतर, जेवण ताटात तसंच टाकून, “चैतराम होता त्याच्यात.”

आता हातोडा ओट्यावर असतो.
गुळाची ढेप फोडायला बरा, शेंगांना जड पडतो.
शेजारचा लेथवाला अक्षय सांगतो, काकू, विकून टाका,
भंगारातही भाव आहे,
पितळ कापायला सोपं, भुगा भुरुभुरु पडतो,
लोखंडासारखी वेटोळी अंगावर येत नाहीत.
दिवाळीला चिंचेचा कोळ घेऊन घासायला बसले
तर हे म्हणाले, “राहू दे. काळा राहू दे.”

काल हे बाजारात गेले तेव्हा दारं लावून,
दिवा मालवून, पाट्यावर घाव घातला.
जिवाच्या कराराने. तीनदा.
पाट्याचा टवका उडाला.
ठिणगी नाही.

मग कानाशी धरून टिचकी मारली.
भरीव आहे. काही वाजत नाही.
भरीव पितळेचं कसं ऐकायचं,
ते बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.
तरी बराच वेळ
मी कोणाशी बोलले नाही.